खिंडीपलीकडचं गाव

मुलुंड, १६ मे १९७६

मथुरावहिनी,

तुझं कार्ड पोचलं. आमचा पोस्टमन कार्डं आधी स्वतः वाचतो आणि मग देतो, त्यामुळे माझ्या हातात पडायच्या आतच "काय ऑगस्टीन, काश्मीर का?" असं विचारून झालं होतं. मी म्हटलं, हो, काश्मीर. दुसरं काय सांगणार.

आठ वर्षांत तुझ्या हातचं हे पहिलं अक्षर. बरा आहेस का, लग्न केलंस का, यातलं काही नाही. नुसते दोन प्रश्न. ती खिंड कोणती आणि खिंडीपलीकडच्या गावाचं नाव काय. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की तुझा दीर लवू मोकळा होतो, मग त्याला घेऊन तू अनंताला शोधायला निघणार. नवरा आठ वर्षांपूर्वी ज्या वाटेने गेला त्या वाटेने तू जाणार. वहिनी, हे वेसावा ते अंधेरी नव्हे.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. श्रीनगरहून सोनमर्गपर्यंत मोटार जाते. तिथे घोडा आणि घोडेवाला करायचा, तंबू आणि पीठमीठ घोड्यावर, आपण पायी. पहिलाच चढ अंगावर येतो. आधी देवदारांसारखी उंच झाडं, मग पांढऱ्या सालीची भूर्जाची झाडं, मग झाड म्हणून काही उरत नाही. पुढे सगळी वाट एका ओढ्याच्या काठाने. ओढ्यावर ठिकठिकाणी जुना बर्फ साचून त्याचे पूल झालेले असतात. वरून टणक दिसतात, खालून पाणी वाहत असतं. त्यावर पाय टाकण्याआधी काठी ठोकून आवाज ऐकायचा. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, अनंताचा एक पाय मांडीपर्यंत आत गेला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी निचनाईची खिंड. दहा पावलं चालायचं, उभं राहायचं, पुन्हा दहा पावलं. तू वेसाव्याच्या बंदरावरून भरली पाटी डोक्यावर घेऊन धावणारी बाई, तुझ्या ताकदीबद्दल मला शंका नाही. पण तिथे हवाच पातळ असते, माणूस ताकदवान असला तरी श्वास पुरत नाही. खिंड उतरलं की हिरवं कुरण लागतं आणि कुरणाच्या टोकाला दोन तळी. खालचं विशनसर, वरचं कृष्णसर. दोन्हींच्या डोक्यावर गडसरची खिंड. तू विचारतेस ती हीच.

गडसरला ऑगस्टातही बर्फ असतो. पलीकडे सरहद्द जवळ, मिलिटरीचा पहारा. बायकामाणसांना तिकडे कोण सोडणार. आणि गावाचं नाव आता मला आठवत नाही. आठ वर्षं झाली, माणसाला स्वतःच्या आजोबाचं नाव आठवत नाही.

मी आरेची नोकरी सोडून इकडे मुलुंडला फॅक्टरीत आलो ते तुला माहीत असेलच. इथून समुद्र दिसत नाही, वास येत नाही, मला बरं वाटतं. वेसाव्याची खबर मात्र कानावर येते. अनंताने तिकडे गोरी बायको केली, चार पोरं आहेत, असं काय काय बोलतात म्हणे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. निदान त्यांनी त्याला जिवंत तरी ठेवलाय, असं मी मनाशी म्हणतो.

जाऊ नकोस. लवूला सांग, त्या वेळात जाळी दुरुस्त कर.

ऑगस्टीन


मुलुंड, ३० मे १९७६

मथुरावहिनी,

दुसरं कार्ड पहिल्यापेक्षा लहान. "नाव आठवत नसंल तर राहू दे. तू बरोबर चल. खिंडीत नेऊन सोड, पुढचं मी विचारत जाईन."

विचारत जाशील. तुला वाटतं ते अंधेरीचं मार्केट आहे, या कोपऱ्यावर पुतळाबाईची सून कुठे बसते विचारलं की कोणीही तुझ्याकडे बोट दाखवील.

मी येऊ शकत नाही. माझा गुडघा गेला आहे. फॅक्टरीत रजा मिळत नाही, सध्या तर उशिरा गेलं तरी नाव लिहून घेतात. शिवाय आईला मोतीबिंदू. बघ, एका माणसाला न जाण्यासाठी किती कारणं सापडतात.

आज रविवार, चर्चहून आलो आणि सकाळपासून तुझं कार्ड समोर घेऊन बसलो आहे. अनंता माझा मित्र कसा झाला ते तुला त्याने सांगितलं असेल, पण त्याच्या तोंडून सगळी गोष्ट त्याच्याच पराक्रमाची व्हायची, म्हणून माझ्याकडून ऐक. आरेच्या डेअरीत आम्ही दोघं बाटल्या धुण्याच्या मशीनवर होतो. मी मरोळचा, भाताच्या शेतातला. तो वेसाव्याचा. सगळ्या खात्यात आम्ही दोघंच असे की ज्यांचे बाप इथल्याच मातीत आणि पाण्यात होते, बाकी सगळे बाहेरून आलेले. आठ तास काच वाजायची. कानाला सवय अशी झाली की सुट्टीच्या दिवशी शांत वाटलं तर दोघांनाही करमायचं नाही. म्हणून चालायला लागलो. आधी गोठ्यांच्या मागचं रान, मग विहारच्या तलावाकडची टेकडी, मग बोरिवलीच्या जंगलातून कान्हेरी. ते संपलं तेव्हा नाणेघाट, मग हरिश्चंद्रगड. दर वेळी घरी आल्यावर त्याच्या आईची बोलणी मी दारातच खायचो. पुतळाबाई म्हणायची, "कोल्याच्या पोराचं डोंगरात काय पुरलंय? दर्याला भरती-ओहोटीचा तरी नेम हाय. डोंगराचा काय भरवसा?" अनंता हसायचा. होडीवर जायचं सोडून दुधाच्या बाटल्या धुणारा पहिला कोळी म्हणून त्याला तशाही शिव्या पडायच्याच, डोंगराच्या त्यात भर.

लग्नानंतर तू एकदाच आमच्याबरोबर आलीस, आठवतं? कान्हेरीच्या मागच्या वाटेने. आम्ही दोघं डोंगरवीर मागे धापा टाकत आणि तू अनवाणी पुढे. वर पोचून आमच्यासाठी डबा सोडून बसलीस. अनंता त्या दिवशी मला म्हणाला, "हिला घेऊन हिमालयात गेलं पायजे यार. हीच आपल्याला ओढून नेईल." मी म्हटलं, आधी आपण बघून येऊ. माझंच बोलणं ते. नाही तर तू बरोबर असतीस.

साहेबांच्या खोलीत एक कॅलेंडर होतं, त्यावर बर्फाच्या डोंगरात निळं तळं. अनंता रोज काहीतरी निमित्त काढून ते बघून यायचा. दोन वर्षं आम्ही रजा साठवली. अडुसष्ट सालच्या जुलैच्या शेवटी निघालो, तुझ्या लग्नाला तेव्हा चौदा महिने झाले होते.

निचनाईच्या माथ्यावरून उतरलो आणि विशनसर पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्याने काय केलं ते तुला सांगायचं राहिलं. पिशवी टाकली आणि पळत सुटला. काठावर गुडघ्यांवर बसला, ओंजळीने पाणी प्यायला आणि मला ओरडून सांगतो, "ऑगस्टीन, यात मीठ नाय रे." जसं काही डोंगरातल्या पाण्यात मीठ असणार होतं. मग मासे दिसले. ठिपक्याठिपक्यांचे, हातभर लांब, काठाशी येऊन उभे राहायचे. तो पोटावर झोपून तासभर त्यांच्याशी बोलत होता. संध्याकाळी मला म्हणाला, आईला इथे आणलं पाहिजे, तिला कळेल डोंगरात काय पुरलंय ते.

एवढा खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. हे तुला कळावं असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या तळ्यावर गेलो, कृष्णसरला. इथपर्यंत लिहिता येतं.

ऑगस्टीन


मुलुंड, ६ जून १९७६

वहिनी,

काल लवू फॅक्टरीच्या गेटवर आला होता. तिकिटं काढली म्हणाला, बारा जुलैची. माझं पण काढलंय म्हणाला. मला म्हणतो, "भाऊ, तू नुसता चल, ओझं मी उचलीन." मी त्याला चहा पाजला आणि घरी पाठवला. त्याचं तोंड आता अगदी अनंतासारखं झालं आहे, याची मला कोणी कल्पना दिली नव्हती.

तिकिटं परत करा.

गाव नाही. खिंडीपलीकडे गाव नाही, कधी नव्हतं. अनंता खिंडीपलीकडे गेला नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो.

एवढंच लिहून मी हे पाकीट आत्ताच्या आत्ता पेटीत टाकून येतो. ते एकदा तिथे पडलं म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. उरलेलं लिहीन, पण हे आज गेलं पाहिजे.

ऑगस्टीन


मुलुंड, ९ जून १९७६

मथुरावहिनी,

आज कामावर गेलो नाही. कालचं आणि परवाचं पत्र फाडलं. हे फाडणार नाही.

८ ऑगस्ट १९६८, गुरुवार, नारळी पौर्णिमा. सकाळी ऊन होतं. आमचा घोडेवाला रमजान, त्याचा घोडा सुटून खालच्या कुरणात गेला होता, तो आणायला गेला. आम्ही दोघंच कृष्णसरच्या काठावर. त्या तळ्यात त्या दिवसांतही बर्फाचे तुकडे तरंगत होते, होडीएवढे.

अनंताने पिशवीच्या तळातून नारळ काढला. तू दिलेला. जुन्या जाळ्याच्या तुकड्यात बांधून दिला होतास आणि सांगितलं होतंस की पौर्णिमेला जिथे असाल तिथल्या पाण्याला द्या. सगळ्या वाटेने तो नारळ आम्ही वाहिला. निचनाईच्या चढावर मी म्हणत होतो की हे वजन टाक, तर म्हणाला, स्वतःला टाकीन पण हा नाही.

त्याने नारळाला कुंकू लावलं, हात जोडले आणि जोरात पाण्यात फेकला. वारा समोरून होता. तुमच्या समुद्रावर ओहोटीला दिलेला नारळ निघून जातो. तिथे पाणी कुठेच जात नव्हतं. थोड्या वेळाने नारळ टकटक करत काठाच्या दगडांना येऊन लागला. त्याने पुन्हा फेकला, पुन्हा आला. तीन वेळा.

मी दगडावर बसून चणे खात होतो. मी हसलो आणि म्हणालो, "तुझ्या मथुरेचा नारळ पाण्याला पसंत नाही रे. घरी ने परत, चटणी होईल."

हे मी बोललो. आठ वर्षांत एक दिवस असा गेला नाही की हे वाक्य मला ऐकू आलं नाही.

त्याचा चेहरा उतरला. मला म्हणाला, आज लवू होडी काढणार, मोसमातली पहिली. त्याच दिवशी पाण्याने नारळ परत दिला हे बरं नाही. मी मरोळचा, मला त्यातलं काय कळणार. मला वाटलं हा गंमत करतोय. तो कपडे काढायला लागला. मी म्हटलं, पाणी गार आहे. तर म्हणाला, "खाऱ्या पाण्यातला कोली मी. ह्या डबक्याला लाट पण नाय. मध्ये ठेवून येतो."

रमजानने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं की या तळ्यात गुडघ्याच्या पुढे जायचं नाही, हे पाणी माणसाचा श्वास ओढून घेतं. अनंता तेव्हा ओढ्यावर मासे बघायला गेला होता, त्याने ऐकलं नव्हतं. मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो मला भित्रा म्हणाला असता, आणि त्या वेळी मला वाटलं, जाऊ दे, हुडहुडत परत येईल, मग आयुष्यभर चिडवायला होईल. मला गंमत बघायची होती, वहिनी. मी त्याला धक्का दिला नाही, पण थांबवलंही नाही.

तो नारळ पुढे ढकलत पोहत गेला. झकास पोहत होता. बर्फाच्या एका मोठ्या तुकड्याच्या पलीकडे, साधारण मध्यावर, त्याने तो सोडला. मग हात वर केला. मीही केला. मला वाटलं, जमलं असं सांगतोय. ते सांगणं होतं की बोलावणं होतं, मला आजही माहीत नाही. थोड्या वेळाने त्याचं डोकं दिसलं, मग दिसलं नाही.

मला पोहता येत नाही. मी कमरेपर्यंत पाण्यात गेलो. पाय आहेत की नाहीत कळेना. मी बाहेर आलो. हेही लिहितो, कारण मी आत गेलो होतो एवढंच लिहिलं तर तेही खोटंच होईल.

रमजान आला, कुरणातले मेंढपाळ आले, दोन दिवस दोर टाकून बघितलं. काठाजवळ तळ दिसतो, मग पाणी काळं होतं. काही मिळालं नाही. सोनमर्गच्या चौकीवर मी सगळं खरं सांगितलं. घरचा पत्ता विचारला तेव्हा मरोळचा, माझा दिला, कारण वेसाव्याला असा कागद पोलिसाच्या हातून जावा असं मला वाटेना. मी स्वतः जाऊन सांगणार होतो. तो कागद महिन्याने आला. या पत्रात घातला आहे. अर्धा उर्दूत आहे, अर्धा इंग्रजीत, लवूच्या शाळेतल्या जुन्या मास्तरांकडून वाचून घे.

मग मी तुझ्या दारात आलो. तू पायरीवर कोळंबी सोलत होतीस. मला बघून उठलीस, माझ्या मागे गल्लीत बघितलंस. तो मागून येतोय असं तुला वाटलं. आणि हसून विचारलंस, "नारळ दिला का?"

दुसरं काहीही विचारलं असतंस तर मी खरं सांगितलं असतं. तुझा नारळ ठेवायला गेला आणि बुडाला, हे तुझ्या तोंडावर मला बोलवेना. मी म्हणालो, दिला. मग तो कुठे आहे तेही सांगायला हवं होतं, तर तोंडातून आपोआप निघालं की तो मेंढपाळांबरोबर पुढे खिंडीपलीकडच्या गावात गेलाय, पंधरा दिवसांनी येईल. एका दमात. मनात म्हटलं, पुतळाबाई बाजारातून येऊ दे, दोघींना एकत्र सांगू. ती आली, तिने माझ्यापुढे चहा ठेवला, पुढच्या वेळी दोघांच्या तंगड्या मोडते म्हणाली. मी चहा प्यायलो आणि घरी गेलो. पंधरा दिवसांनी म्हटलं, तिकडे बर्फ पडला असेल. सहा महिन्यांनी म्हटलं, काय कळत नाही. मग यायचंच बंद केलं.

दर वर्षी ईस्टरच्या आधी मी फादरपुढे गुडघे टेकून सांगतो की मी खोटं बोललो. कोणाशी आणि काय, ते सांगत नाही. ते सरसकट सगळ्याच खोटेपणाची माफी देतात.

त्याचे कपडे आणि बूट माझ्याकडे पेटीत आहेत. खिंड ओलांडून गेलेला माणूस बूट मागे ठेवत नाही, म्हणून ते तुला देता आले नाहीत.

मी हे तुझ्यासाठी केलं असं मी आठ वर्षं स्वतःला सांगत आलो. तू आशेवर जगावीस म्हणून. नारळाचं तुला कधी कळू नये म्हणून.

ऑगस्टीन


मुलुंड, २१ जून १९७६

मथुरावहिनी,

काल तू आलीस आणि बोलून गेलीस. आज लिहितो, तर तुझंच बोलणं पुन्हा लिहावंसं वाटतं, म्हणजे मला ते नीट ऐकू येईल.

तू आत आली नाहीस. आईने पाणी आणलं, ते घेतलं नाहीस. उंबऱ्याबाहेर ओल्या पायरीवर बसलीस. मी तुला सात वर्षांनी बघत होतो. कपाळावर कुंकू होतं. हातात हिरव्या बांगड्या होत्या. मला वाटलं, तू रडशील, मला मारशील. दोन्हींची मी तयारी केली होती.

तू म्हणालीस, "मना वाटलं त्यानं मना टाकली."

मला आधी समजलंच नाही. मग तू सांगितलंस. पहिली दोन वर्षं वाट बघितलीस. मग बाजारात बायका बोलायला लागल्या. जिवंत आहे, पत्र नाही, येत नाही, मग दुसरं काय असणार. अनंताच्या बायकोत काय कमी होतं की तो बर्फात राहिला, असं तुझ्यासमोर बोलायच्या. हळदीला तुला बोलावणं यायचं, पण नवरीला हळद लावायला पुढे कोणी करायचं नाही. भिकाजी तांडेलाची बायको वारली तेव्हा त्याने तुला मागणी घातली, तर पुतळाबाई म्हणाली, माझा पोरगा जिता आहे. भिकाजीने दुसरीकडे केलं. त्याला आता दोन मुलगे आहेत. हे सगळं तू खाली बघून सांगितलंस, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. काश्मीरला तू त्याला परत आणायला निघालीच नव्हतीस. त्याच्यापुढे उभं राहून एकदा विचारायचं होतं की का टाकलीस.

आणि मी इथे बसून म्हणत होतो, वेसाव्यात त्याला जिवंत तरी ठेवलाय.

मी नारळाबद्दल काहीतरी पुटपुटलो असेन, कारण तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "पाण्याला नारल देताना गेला. भावाच्या होडीसाठी. कोल्याला यापेक्षा चांगलं मरण कुठलं हाय? आमच्यात दर वरसाला कोणतरी दर्यात राहतो. त्याच्या बायकोला कसं रडायचं ते ठाऊक हाय, आजूबाजूच्या बाया येऊन शिकवतात. तू मना ते पण करू दिलं नाय."

मग बूट मागितलेस. मी पेटीतून काढून दिले. चामडं कडक झालं होतं. तू दोन्ही बूट पदरात घेतलेस, आणि तेव्हा रडलीस. आमच्या अख्ख्या चाळीने दारं उघडली. मी काही करू शकलो नाही. माझी आई, जिला धड दिसत नाही, ती चाचपडत येऊन तुझ्या शेजारी पायरीवर बसली.

जाताना तू दोन गोष्टी बोललीस. एक, मी वेसाव्याला यायचं नाही. लवू सुरी घेऊन बसलाय म्हणून नव्हे, पुतळाबाईला माझं तोंड दाखवायचं नाही म्हणून. दुसरी, गावकीपुढे वाचायला मी एक कागद लिहून द्यायचा, मराठीत, सही करून, पोरालाही समजेल असा.

आणि गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर परत आलीस. विचारलंस, हात वर केला तेव्हा त्याचं तोंड कुठे होतं. मी सांगितलं. तू मान हलवलीस आणि गेलीस.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. माफी मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि माझ्यामुळे तुझं आधीच खूप गेलं. मी तुझी आठ वर्षं खाल्ली, वहिनी. माझा मित्र गेला त्याचं दुःख माझं एकट्याचं करून ठेवलं आणि तुझ्या वाट्याला अपमान पाठवला.

कागद सोबत आहे. चार वेळा लिहिला. पहिल्या तीनमध्ये माझ्याबद्दलच जास्त होतं.

ऑगस्टीन


मुलुंड, २१ जून १९७६

वेसावे कोळीवाड्याच्या पाटलांना आणि सगळ्या गावकऱ्यांना,

मी ऑगस्टीन, मूळ राहणार मरोळ, आरे डेअरीत अनंताबरोबर कामाला होतो. हा कागद मी माझ्या हाताने लिहिला आहे आणि यातलं सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे.

पुतळाबाईचा मुलगा अनंता ८ ऑगस्ट १९६८ रोजी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, काश्मीरात कृष्णसर नावाच्या तळ्यात बुडून वारला. मी काठावर होतो. तो खिंड ओलांडून कुठल्याही गावात गेला नाही. तिथे गाव नाही. ते गाव मी तयार केलं. त्याने तिकडे दुसरी बायको केली असं आजवर जो कोणी बोलला तो माझ्या खोटेपणामुळे बोलला, म्हणून त्याला बोल लावू नये, मला लावावा.

त्याच्या बायकोने दिलेला नारळ पाण्याने तीनदा परत आणला. त्या दिवशी भावाची होडी निघायची होती, म्हणून तो नारळ घेऊन स्वतः पाण्यात उतरला. पाणी बर्फाचं होतं. मी त्याला अडवायला हवं होतं, अडवलं नाही. त्याने नारळ मध्यावर नेऊन पोचवला. तो परत आला नाही. नारळही परत आला नाही.

मथुराबाईने मला विचारलं की शेवटी त्याचं तोंड कुठे होतं. ते तुम्हा सगळ्यांसमोर वाचलं जावं म्हणून इथे लिहितो. नारळ सोडल्यावर तो वळला होता. त्याची पाठ डोंगराकडे होती आणि तोंड काठाकडे, जिथे त्याचे कपडे होते आणि जिथून परतीची वाट सुरू होत होती. त्याने बायको टाकली नाही. तो घरी यायला निघाला होता.

ऑगस्टीन